पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून केलेला ‘मंथन’ आज आपल्याला काय शिकवतो?

सिनेमा सुरू होताना पडद्यावर निर्मात्याचं नाव येतं. एखादा बॅनर, एखादा शेठ, फार तर दोन-तीन भागीदार. 1976 साली आलेल्या ‘मंथन’च्या सुरुवातीला मात्र हा सिनेमा गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी सादर केलाय, असं लिहिलेलं दिसतं. प्रत्येकानं दिले होते फक्त दोन रुपये.

क्विझमध्ये विचारतात तसा हा किस्सा. बऱ्याच जणांना माहीतही असतो. पण त्याच्या पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हा सिनेमा थिएटरमधून उतरल्यावर गावोगाव गेला आणि त्यानं ठिकठिकाणी खरोखरच्या दूध संस्था उभ्या करायला मदत केली.

मी ‘मंथन’ पहिल्यांदा पाहिला तो मास कम्युनिकेशन शिकत असताना, कॉलेजच्या वर्गात पडदे ओढून, प्रोजेक्टरवर. दिवे लागल्यावर सरांनी विचारलं, “कसा वाटला?” आम्ही शहरातली मुलं ठरलेली उत्तरं द्यायला लागलो. स्मिता पाटील भारी. कॅमेरा भारी. त्या लोकांसाठी वाईट वाटलं.

मग नगर जिल्ह्यातून आलेली एक मैत्रीण म्हणाली, “सर, आमच्याकडं अजून असंच आहे. डेअरीवाला फॅट कमी लावतो. बोलायला गेलं तर म्हणतो, उद्यापासून दूध आणू नका.”

वर्ग गप्प झाला. मग कुणीतरी विचारलं, “फॅट लावणं म्हणजे काय गं?” पुढचा तासभर सर ऐकत होते आणि ती आम्हाला शिकवत होती. दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसत होतो. तिच्या घरी चार गाई आहेत आणि तिची फी त्या दुधावर भरली जाते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

गरिबीवरचे जुने, गाजलेले सिनेमे आज माणसांना एकत्र आणू शकतात का, हा प्रश्न आला की मला तो वर्ग आठवतो. उत्तर ‘हो’ असंच आहे. पण नुसतं बघून ते होत नाही. कसं होतं, हे समजून घ्यायला ‘मंथन’इतकं चांगलं उदाहरण नाही.

दोन रुपयांची गोष्ट नेमकी काय?

श्याम बेनेगल हे ‘मंथन’च्या आधी ‘ऑपरेशन फ्लड’ या दूध विकास कार्यक्रमासाठी माहितीपट बनवत होते. त्यांना एक अडचण जाणवली. माहितीपट बघायला येतात ते बहुतेक वेळा आधीच पटलेले लोक. ज्यांना सहकार म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांच्यापर्यंत पोचायचं तर गोष्ट सांगायला हवी. म्हणजे पूर्ण लांबीचा सिनेमा हवा.

पण पैसे कोण देणार? नट-नट्या नव्या, गाणी जेमतेम, आणि विषय काय तर दूध सोसायटी. कोणता निर्माता तयार होणार?

तोडगा काढला ‘अमूल’चे डॉ. वर्गीस कुरियन यांनी. तेव्हा गुजरातमध्ये दूध संघांचे सुमारे पाच लाख सभासद होते. प्रत्येकानं एका वेळच्या दुधाच्या पैशातले दोन रुपये कमी घ्यायचे, असं ठरलं. पाच लाख गुणिले दोन. दहा लाख रुपये उभे राहिले आणि त्या काळात तेवढ्यात सिनेमा होत होता.

राजकोटजवळच्या सांगणवा गावात चित्रीकरण झालं. पटकथा लिहिली विजय तेंडुलकर यांनी. कॅमेऱ्यामागे होते गोविंद निहलानी, संवाद कैफी आझमींचे, संगीत वनराज भाटियांचं. पडद्यावर गिरीश कार्नाड, स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी, कुलभूषण खरबंदा, अनंत नाग, मोहन आगाशे. यातली बरीच नावं आज मोठी वाटतात, तेव्हा त्यातल्या अनेकांची सुरुवात होती.

सिनेमा लागला तेव्हा गुजरातच्या खेड्यांतून शेतकरी ट्रक भरभरून थिएटरवर आले. ‘आपला’ सिनेमा बघायला. पुढं त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेंडुलकरांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारतानं तो ऑस्करसाठीही पाठवला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गरिबांवर सिनेमे पुष्कळ निघतात. इथं ज्यांची गोष्ट होती, त्यांनीच तिचे पैसे भरले होते. त्यामुळं पडद्यावरचा माणूस त्यांच्यासाठी ‘बिचारा’ नव्हता.

त्याआधी आणंदला काय घडलं होतं?

‘मंथन’ची गोष्ट काल्पनिक असली तरी तिच्यामागं खरा इतिहास आहे आणि त्याचं एक टोक मुंबईत आहे.

1940 च्या दशकात खेडा जिल्ह्यातलं दूध मुंबईला जायचं. सरकारच्या ‘बॉम्बे मिल्क स्कीम’साठी हे दूध गोळा करायचा मक्ता ‘पोल्सन’ या खासगी डेअरीकडे होता. मुंबईकर दुधाला चांगले पैसे मोजत होते, पण ते शेतकऱ्यापर्यंत पोचत नव्हते. मधल्या मधे जिरत होते.

शेतकरी सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. त्यांचा सल्ला होता की दूध गोळा करायचं आणि विकायचं काम स्वतःच्या हातात घ्या. मोरारजी देसाईंना त्यांनी खेड्यात पाठवलं. जानेवारी 1946 मध्ये समरखा गावात सभा झाली आणि शेतकऱ्यांनी दूध द्यायचं बंद केलं. पंधरा दिवस संप चालला. सरकारला ऐकावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले. 1949 मध्ये केरळचा एक तरुण इंजिनिअर, वर्गीस कुरियन, आणंदला आला आणि तिथलाच झाला. हाच संघ पुढं ‘अमूल’ म्हणून घराघरात पोचला.

दूध ही टिकणारी वस्तू नाही. कांदा चार दिवस चाळीत ठेवता येतो, दूध चार तास ठेवता येत नाही. म्हणून एकटा शेतकरी व्यापाऱ्यापुढं कायम हतबल असतो. पंधरा दिवस दूध न घालणं म्हणजे रोजचा पैसा सोडून देणं. हे एकट्यानं केलं तर तो उपाशी मरतो, सगळ्यांनी केलं तर व्यापारी नमतो. हा व्यवहार त्या शेतकऱ्यांना कळला होता.

सिनेमात काय आहे?

डॉ. राव (गिरीश कार्नाड) हे जनावरांचे डॉक्टर आपल्या टीमसोबत एका गावात दूध सोसायटी काढायला येतात. गावचं दूध मिश्राच्या (अमरीश पुरी) खासगी डेअरीत जातं. मिश्रा अडचणीला उधार देतो, गोड बोलतो आणि दुधाला पडेल भाव देतो. राव दुधाची तपासणी करून दाखवतात, की तुमच्या दुधात फॅट इतकं आहे आणि त्याची खरी किंमत एवढी आहे.

बिंदू (स्मिता पाटील) ही दलित वस्तीतली बाई. आधी संशय घेते, मग सोसायटीच्या बाजूनं उभी राहते. भोला (नसीरुद्दीन शाह) हा वस्तीतला तापट पोरगा. शहरातून आलेल्या माणसानं त्याच्या आईला फसवलेलं आहे, त्यामुळं शहरी साहेब म्हटलं की त्याचं डोकं फिरतं.

सोसायटीची निवडणूक होते आणि दलित वस्तीचा उमेदवार सरपंचाला हरवतो. तिथून सगळं बिनसतं. सरपंच मिश्राला जाऊन मिळतो. वस्तीतल्या झोपड्या जळतात. उघड्यावर आलेल्या लोकांना मिश्रा मदतीच्या नावाखाली पुन्हा आपल्याकडे ओढतो. बिंदूच्या नवऱ्याला हाताशी धरून तिचा अंगठा एका कागदावर घेतला जातो आणि त्या कागदाच्या जोरावर रावांवर बलात्काराचा आरोप होतो. रावांची बदली होते, ते निघून जातात.

पण सोसायटी बंद पडत नाही. जो भोला शहरी साहेबांवर सगळ्यात जास्त चिडलेला होता, तोच ती चालवायला पुढं येतो. मोजकेच लोक दूध घेऊन येतात. सिनेमा तिथं थांबतो.

एकी म्हणजे गोडवा नव्हे

आता हे सगळं वाचून वाटेल, यात एकीचं काय आहे? यात तर जाळपोळ आहे, बदनामी आहे, फूट आहे.

माझ्या मते ‘मंथन’ अजून ताजा वाटतो तो याचमुळं. ‘गरीब सगळे एक असतात’ असं खोटं तो सांगत नाही. गरीबही जातीत वाटलेले आहेत आणि ही फूट कुणाच्या तरी फायद्याची आहे, हे तो दाखवतो. सोसायटीनं जातीच्या भानगडीत पडू नये, असं रावांचे सहकारी देशमुख (मोहन आगाशे) यांना वाटतं. आपण दुधाचं काम करायला आलोय, गावाचं भांडण आपलं नाही, अशी त्यांची भूमिका. ऐकायला शहाणपणाची वाटते. पण गावात ते जमत नाही, कारण दूध आणि जात वेगळी काढताच येत नाही.

का, ते बघा. दूध संस्थेत सकाळी जो आधी येतो, तो रांगेत पुढं. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना एकाच पद्धतीनं तपासतात. मग सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओततात. ज्या गावात पाणवठे वेगळे होते, तिथं ही साधी बाब नव्हती. एकदा कॅनमध्ये पडल्यावर कुठलं दूध कुणाच्या गोठ्यातलं, हे कोण सांगणार?

रांग, मोजमाप आणि कॅन. भाषणं देऊन जे झालं नसतं, त्याची सुरुवात या तीन साध्या गोष्टींनी होते. जात त्यानं संपली असं अजिबात नाही, पण रोज सकाळ-संध्याकाळ काही मिनिटं तरी गावाला एका ओळीत उभं राहावं लागलं. एकमेकांवर प्रेम असण्याची अट नव्हती. मापात पाप होणार नाही, एवढी खात्री पुरेशी होती.

दिवे लागल्यावर काय झालं?

आता महत्त्वाचा भाग. बहुतेक सिनेमांची गोष्ट थिएटरबाहेर पडल्यावर संपते. कुरियन यांनी ‘मंथन’च्या 16 एमएम प्रिंट काढल्या आणि देशाच्या वेगवेगळ्या भागांत खेड्यापाड्यांत पाठवल्या. प्रिंटसोबत माणसं जायची. एक जनावरांचा डॉक्टर, एक दूध तंत्रज्ञ आणि एक चाऱ्याचा जाणकार.

म्हणजे रात्री गावात पडदा लावून सिनेमा दाखवायचा. लोक बघणार, हळहळणार, चिडणार. आमच्या गावचा मिश्रा कोण, हे आपसात बोलणार. आणि ‘मग आम्ही काय करायचं?’ असा प्रश्न आला की उत्तर द्यायला तिघं जण तिथंच हजर. म्हैस आटली असेल तर डॉक्टर आहे. फॅट कसं मोजतात ते तंत्रज्ञ दाखवणार. चारा कोणता लावायचा ते तिसरा सांगणार.

पुढं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानंही, म्हणजे यूएनडीपीनं, हा सिनेमा परदेशांत सहकाराची ओळख करून देण्यासाठी वापरला.

सिनेमानं एकी घडवली असं आपण सहज म्हणून जातो. सिनेमानं खरं तर लोकांना एका जागी बसवलं, त्यांच्या मनातली गोष्ट मोठ्यानं बोलली आणि नंतरच्या कामासाठी जागा तयार केली. पुढचं काम माणसांनी केलं. हा फरक विसरला की आपण सिनेमाकडून नको त्या अपेक्षा ठेवतो.

मग ‘दो बिघा जमीन’चं काय?

गरिबीवरचा भारतीय सिनेमा म्हटलं की पहिलं नाव बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’चं (1953) येतं. 1952 मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथं बिमल रॉय यांनी इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला आणि त्याचा परिणाम या सिनेमावर झाला, हे सर्वश्रुत आहे.

शंभू महतोच्या डोक्यावर 235 रुपयांचं कर्ज. ते तीन महिन्यांत फेडलं नाही तर दोन बिघे जमीन जाणार. तो कोलकात्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. शेवटी जमीन जातेच. जिथं शेत होतं तिथं कारखाना उभा राहत असतो आणि तिथली मूठभर मातीसुद्धा त्याला उचलू दिली जात नाही.

शंभूचं काम करणारे बलराज साहनी हे शिकलेले, इंग्रजी वळणाचे. भूमिकेच्या तयारीसाठी ते मुंबईत जोगेश्वरीला उत्तर भारतीय दूधवाल्यांच्या वस्तीत जाऊन बसायचे. पुढं कोलकात्यात त्यांना एक रिक्षावाला भेटला, ज्याची स्वतःची जमीन अशीच जमीनदाराकडे अडकली होती. शंभूची गोष्ट त्याची स्वतःचीच होती, असं साहनींनी लिहून ठेवलंय.

आपल्याकडे हीच गोष्ट त्याच्याही आधी सांगून झाली होती. 1925 मध्ये कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात गिरणीत राबायला गेलेला शेतकरी हा त्याचा विषय. तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी. तो मूकपट आज उपलब्ध नाही. पण त्याला शंभर वर्षं झाली आणि त्याची गोष्ट शिळी झालेली नाही, हे काही आनंदानं सांगण्यासारखं नाही.

‘दो बिघा जमीन’ बघून डोळ्यांत पाणी येतं. त्याची ताकद मोठी आहे. शंभू आपल्याला परका वाटत नाही. कोलकात्याच्या वस्तीतली त्याच्याइतकीच गरीब माणसं त्याला सांभाळून घेतात, हेही त्यात आहे. ‘मंथन’ तिथून पुढं जातो. तो विचारतो, असे शंभर शंभू एका गावात असतील तर?

दोन्ही लागतात. आधी दुसऱ्याचं दुःख दिसावं लागतं. मग ते एकट्याचं नाही हे कळावं लागतं. गडबड होते ती आपण पहिल्या पायरीवर थांबतो तेव्हा. आज रील उघडलं की रस्त्यावरच्या माणसाला बिस्किटाचा पुडा देतानाचा व्हिडिओ समोर येतो. मागं करुण संगीत. देणाऱ्याचा चेहरा दिसतो, घेणाऱ्याचं नावही कळत नाही. हे बघून आपल्याला क्षणभर बरं वाटतं. पण घेणारा रस्त्यावर का आला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. दयेत वरचा हात आणि खालचा हात असतो. रांगेत तसं नसतं.

‘मंथन’वर आक्षेप नाहीत का?

आहेत, आणि रास्त आहेत.

पहिला म्हणजे गावाला जागं करायला शहरातून साहेब यावा लागतो, हा जुना साचा. सिनेमाला हे माहीत आहे, म्हणूनच शेवटी राव जातात आणि भोला राहतो. तरी कॅमेरा बराच वेळ रावांसोबत असतो, हे खरं.

दुसरा आक्षेप बाईचा. गोठ्यातलं काम बहुतेक बायकाच करतात. पण सभासद म्हणून नाव, बँकेचं खातं आणि संचालकाची खुर्ची अनेक ठिकाणी पुरुषाकडे असते. बिंदूच्या अंगठ्याचा गैरवापर हा सिनेमातला प्रसंग आहे, पण बाईचा अंगठा आणि पुरुषाचा निर्णय हे आपल्याला अनोळखी नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठा. सहकार एकदा उभा राहिला म्हणजे तो कायम गरिबांचाच राहतो का? याचं उत्तर तेंडुलकरांनीच दिलंय, तेही ‘मंथन’च्या एक-दोन वर्षं आधी. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ची पटकथा त्यांचीच. त्यात निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारी साखर कारखान्याचा सर्वेसर्वा आहे. गावात कारखाना आहे, रस्ते आहेत, पैसा आहे. आणि तरीही गायब झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारायची कुणाची हिंमत नाही. श्रीराम लागूंचा मास्तर तेवढं विचारत राहतो.

एकाच लेखकानं थोड्याच अंतरानं सहकाराची आशा आणि सहकाराची दहशत दोन्ही लिहिली. मराठी प्रेक्षकानं हे दोन सिनेमे पाठोपाठ बघावेत असं मला वाटतं. प्रवरानगरसारखा सहकारी कारखाना ज्या राज्यात उभा राहिला, त्याच राज्यात सहकारसम्राट हा शब्दही रुजला. एकी उभी करणं अवघड, आणि ती कुणाच्या खिशात जाऊ न देणं त्याहून अवघड.

आजचा मिश्रा कोण?

माझ्या मैत्रिणीच्या गावाकडे परत जाऊ. महाराष्ट्रात बहुतांश दूध आज खासगी डेअऱ्यांकडे जातं. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे प्रमाण धरून ठरतो. एसएनएफ म्हणजे दुधातले स्निग्धांश सोडून बाकीचे घन पदार्थ. हे आकडे पॉइंटनं खाली आले की दर कमी होतो. आकडा सांगतं ते मशीन, आणि मशीन असतं संकलन केंद्रावर. शेतकऱ्याच्या हातात येते ती फक्त पावती. भाव पडला की रस्त्यावर दूध ओतण्याचे फोटो येतात, शहरात ‘केवढी नासाडी’ अशी हळहळ होते आणि चार दिवसांनी विषय संपतो.

ही गोष्ट फक्त दुधाची नाही. ॲपवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाला त्याचा दर कसा ठरला, हे कळत नाही. ऊसतोड कामगाराला उचल किती फिटली, याचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. मोजणारा एक, राबणारे अनेक, आणि राबणाऱ्यांची आपसात ओळख नाही. ‘मंथन’मधला मिश्रा असा जागोजागी आहे, फक्त त्याच्या तोंडात गोड बोलण्याऐवजी ॲपचं नोटिफिकेशन आहे.

आणि आपण बघणारे? एका घरात चार जण चार फोनवर चार गोष्टी बघतोय. जे आपल्याला आवडतं तेच पुन्हा पुन्हा समोर येतं. दुसऱ्याचं जगणं चुकूनही समोर येत नाही. अशा वेळी दोन तास एका खोलीत, एका पडद्यासमोर, वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी बसणं हेच मोठं काम आहे.

मग करायचं काय?

‘मंथन’ पुन्हा उपलब्ध झालाय. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो नव्यानं उजळला. 2024 मध्ये कान महोत्सवात तो दाखवला गेला आणि त्यानंतर देशातल्या अनेक शहरांत थिएटरमध्येही लागला. ‘दो बिघा जमीन’ची नवी प्रत 2025 मध्ये व्हेनिसला दाखवली गेली. म्हणजे हे सिनेमे बघायला मिळतात. प्रश्न कसे बघायचे हा आहे.

कॉलेज, वाचनालय, गणेश मंडळ, बचत गट, गृहनिर्माण सोसायटी, कुठंही हे जमू शकतं. पण काही गोष्टी सांभाळाव्या लागतील.

कोण बघणार, हे आधी ठरवा. तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘दो बिघा जमीन’ लावणार असाल तर वॉचमन काका, कचरा नेणारा दादा, घरकाम करणाऱ्या ताई यांनाही बोलवा. आणि खुर्च्या सगळ्यांना सारख्याच ठेवा. ज्या इमारतीत त्यांच्यासाठी लिफ्ट वेगळी आहे, तिथं ही रांग मांडणंच अवघड जाईल. तेव्हाच कळेल की सिनेमा आपल्याबद्दल आहे.

संपल्यावर लगेच दिवे लावून उठू नका. अर्धा तास ठेवा. आधी त्यांना बोलू द्या ज्यांची गोष्ट पडद्यावर होती. आमच्या वर्गात ती मैत्रीण बोलली म्हणून चर्चा झाली. सर बोलले असते तर आम्ही नोट्स घेतल्या असत्या.

‘किती वाईट ना’ यावर थांबू नका. आपल्याकडे मोजमाप कुणाच्या हातात आहे, हिशोब कुणाला दिसत नाही, रांगेत कोण नाही, हे विचारा. गावात असाल तर हा प्रश्न दूध संकलन केंद्राचा असेल, शहरात पाण्याच्या टँकरचा किंवा पगारी सुट्टीचा.

आणि एक छोटं काम ठरवूनच उठा. कुरियन यांनी सिनेमासोबत डॉक्टर पाठवला होता, हे विसरू नका. फॅट मशीनची तपासणी करून घ्यायचा अर्ज असेल, ई-श्रम नोंदणीसाठी एक रविवार असेल, कामवाल्या ताईंना महिन्याला चार पगारी सुट्ट्या द्यायचा सोसायटीचा ठराव असेल. काम छोटं असलं तरी चालेल, पण सगळ्यांनी मिळून केलेलं असावं.

आमच्या वर्गानं पुढं काय केलं, हे कुणी विचारलं तर उत्तर फार मोठं नाही. त्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही सहा जण मैत्रिणीच्या गावी गेलो. पहाटे पाचला उठून तिच्या आईसोबत डेअरीवर रांगेत उभं राहिलो आणि एकाच दुधाचे दोन नमुने दोन केंद्रांवर तपासून घेतले. आकडे वेगळे आले. आम्ही ते छापले, कॉलेजच्या चार पानी अंकात. दर वाढला नाही. पण पुढच्या आठवड्यात तिच्या आईसोबत आणखी तीन बायका दोन ठिकाणी नमुने तपासायला गेल्या, असं तिनं आम्हाला सांगितलं. आता त्या चौघी पावत्या जपून ठेवतात.

‘मंथन’च्या शेवटीही मोजकेच लोक दूध घेऊन येतात. पाच लाख सभासदांची सुरुवातही अशाच छोट्या रांगांनी झाली होती.